बुद्ध सर्किटवर ब्रेक पेडल बसल्याच्या तक्रारीला आमचे उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी पुन्हा पुन्हा वाचला आणि जून महिन्याचे जॉब कार्ड समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे. आपण लिहिले आहे की, आम्ही रेसिंगच्या ब्रेक ऑइलचे पैसे घेऊन साधे ऑइल भरले. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या रेस ट्रॅकवर तिसऱ्या सत्रात चौथ्या वळणाआधी आपल्या पोर्शे केमन गाडीचे ब्रेक पेडल तळाला गेले आणि गाडी वळणाबाहेर उतरली. आपण अधिक महागाचे ऑइल मागितले असता आम्ही ते टाळले, ब्रेक ऑइलच्या टाकीत पेलाभर ऑइल मावत असताना दीड लिटरचे बिल लावले आणि खरे तर डॉट ५ (डॉट ४, ५, ५.१ हे ब्रेक ऑइलचे ठरलेले प्रकार आहेत) टाकायला हवे होते, असेही आपले म्हणणे आहे. आपण आणि गाडी दोघेही सुखरूप आहात ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. यातली एक चूक निश्चितपणे आमची, त्यातही माझी स्वतःची आहे, आणि ती कोणती हे मी खाली स्पष्ट लिहिले आहे. मात्र साधे ऑइल भरल्याचा आरोप खरा नाही.

जूनमध्ये अर्ध्या लिटरच्या तीन सीलबंद बाटल्या आपल्या गाडीसाठी फोडल्या होत्या आणि रिकाम्या बाटल्या आमच्या पद्धतीप्रमाणे पुढच्या डिकीत ठेवून दिल्या होत्या. टाकीत थोडेच ऑइल मावते हे बरोबर आहे. पण जुने ऑइल टाकीपुरते नसते, ते नळ्यांमध्ये आणि चारही कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाची डिस्क पॅडने पकडणाऱ्या भागांमध्ये, असते. आपल्या गाडीच्या प्रत्येक कॅलिपरला ऑइल आणि हवा बाहेर काढण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन निपल (छोट्या तोट्या) आहेत, म्हणजे एकूण आठ. प्रत्येक निपलला पारदर्शक नळी लावून एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने निपल उघडायची आणि बंद करायची, हे नवे स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत करावे लागते. तिसऱ्या बाटलीत शेवटी थोडे ऑइल उरले, ते आम्ही ठेवले नाही, कारण एकदा उघडलेली बाटली हवेतला ओलावा ओढू लागते आणि तसे ऑइल दुसऱ्याच्या गाडीत घालणे मला मान्य नाही.

आता पेडल का बसले, याबद्दल. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणादरम्यान एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. चालकासह साधारण १,४०० किलो वजनाची गाडी ताशी २२० वरून ९० वर आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात सुमारे सात लिटर थंड पाणी उकळीला येईल. त्यातला काही भाग हवा आणि इंजिन घेते, पण बहुतेक भाग चार डिस्कवर पडतो, त्यातही पुढच्या दोघींवर अधिक, आणि हे प्रत्येक फेरीत घडते. तीच उष्णता डिस्कवर घासणाऱ्या पॅडमधून त्याला दाबणाऱ्या पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये जाते. ऑइल द्रव असेपर्यंत ते दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. कॅलिपरमध्ये त्याची वाफ झाली की मात्र पाय ती वाफच दाबत राहतो. आपण लिहिले आहे की पेडल तळाला गेले आणि भराभर दोन-तीनदा दाबल्यावर थोडे वर आले. हे ऑइल उकळल्याचेच लक्षण आहे. पॅड तापून निकामी झाले असते, तर पेडल घट्ट राहिले असते आणि तरीही गाडी थांबली नसती.

गाडी आमच्याकडे परत आली तेव्हा पुढच्या उजव्या कॅलिपरची आतली निपल मी स्वतः उघडली. टाकीतले ऑइल मधासारखे स्वच्छ होते, पण नळीत आले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे होते. रंगावरून निष्कर्ष काढू नये म्हणून तो नमुना उकळवून तापमान दाखवणाऱ्या यंत्रात घातला, तेव्हा तो २३६ अंश सेल्सिअसला उकळला. त्याच चाकाचे पॅड ४ मिलिमीटरवर आले होते. पॅड जितके पातळ, तितकी डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोहोचते.

मग बाटलीवर लिहिलेल्या ३१२ अंश उत्कलनबिंदूचे काय झाले, हा आपला प्रश्न रास्त आहे. ३१२ हा कोरडा उत्कलनबिंदू आहे, म्हणजे नव्या, ओलावा न शिरलेल्या ऑइलचा. अशी ऑइल ग्लायकॉल वर्गातली असल्यामुळे पाणी शोषतात, आणि हे पाणी टाकीच्या झाकणातून तसेच रबरी नळ्यांच्या भिंतींमधूनही हळूहळू आत येते. म्हणून प्रत्येक ऑइलचा दुसरा, ओला उत्कलनबिंदूही दिलेला असतो, जो सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर मोजतात. आपल्या ऑइलचा ओला बिंदू २०५ अंशांच्या आसपास आहे. साध्या डॉट ४ साठी किमान मर्यादा कोरडी २३० आणि ओली १५५ अंशांची आहे, त्यामुळे आपले ऑइल हलके नव्हतेच. परंतु पुण्याचा अख्खा पावसाळा त्याने गाडीत काढला होता, आणि पाच महिन्यांनी ते ३१२ आणि २०५ यांच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबले होते. ऑइलने आपले काम केले. नोव्हेंबरमध्ये ट्रॅकवर ताजे ऑइल हवे होते, जूनचे नव्हे.

आमची चूक नेमकी इथे आहे. आपण महागडे ऑइल मागितले, तेव्हा मी तत्परतेने सांगितले की एवढा खर्च नको, हे पुरेसे आहे. हे उत्तर ट्रॅकवर जाण्याआधी दर वेळी ऑइल बदलणाऱ्यांसाठी बरोबर आहे, कारण त्यांच्या गाडीत ते नेहमी ताजे असते आणि त्यांना कोरडा आकडाच कामाला येतो. आपण वर्षातून एकदा बदलता. तसे असेल तर कोरड्या आकड्यापेक्षा ओला आकडा पाहून ऑइल निवडायला हवे होते. कॅस्ट्रॉल रिअॅक्ट एसआरएफ या महागड्या रेसिंग ऑइलचा ओला बिंदू २७० अंश आहे, आणि त्याच्या किमतीचे खरे कारण तेच आहे. आपण किती वेळा बदलणार, हे न विचारताच मी सल्ला दिला. त्यात भर म्हणजे जॉब कार्डवर आपल्याच शब्दांत ‘नोव्हेंबरमध्ये ट्रॅक’ अशी नोंद असूनही आमच्याकडून ऑक्टोबरमध्ये फोन गेला नाही. गाडी पुण्याहून जवळपास दीड हजार किलोमीटरवर जाणार हे माहीत असताना ही आठवण करून देणे आमचे काम होते.

डॉट ५ बाबत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. आकडा मोठा असला तरी डॉट ५ हे सिलिकोनचे ऑइल आहे, ते इतरांत मिसळत नाही आणि पाणी शोषत नाही. त्यामुळे आत आलेले पाणी थेंबांच्या रूपात खालच्या भागात साचते आणि तेच आधी उकळते. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे सहज धरले जातात आणि एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाने फेस होतो. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे आणि तो डॉट ४ सोबत चालतो, पण त्याच्या किमान मर्यादा २६० आणि १८० अंश आहेत, म्हणजे ज्याने आपल्याला दगा दिला असे आपण म्हणता, त्या ऑइलपेक्षा कमी. थंड प्रदेशातही ऑइल पातळ राहावे आणि एबीएसने झटपट काम करावे, हा त्याचा मुख्य उपयोग आहे.

आणखी एक गोष्ट, जी जूनमध्येच सांगायला हवी होती. आपण सांगितलेत की सत्र संपताच गाडी सरळ पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबण्याच्या जागेत) आणून उभी केली. गाडी चालत असताना वारा डिस्क थंड करतो. ती थांबली की डिस्कमधली सगळी उष्णता कॅलिपरमध्ये मुरते आणि ऑइल सर्वाधिक तापते ते त्या पाच-दहा मिनिटांत. म्हणून शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता हळू काढावी, आणि उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. हे न सांगितल्याचा दोष मी आपल्याकडे ढकलत नाही.

जूनच्या कामाची मजुरी आम्ही आपल्या खात्यावर परत करत आहोत. पुढच्या चाकांचे पॅड आणि ऑइल यांची रक्कम आपण द्यावी, बसवण्याची आणि एअर काढण्याची मजुरी आमच्याकडे राहील. फेब्रुवारीत आपण पुन्हा ट्रॅकवर जाणार असे समजले; तर त्याआधीच्या आठवड्यात सोमवारी सकाळी गाडी घेऊन यावे. आठही निपल आपल्यासमोर उघडू, जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू यंत्रावर आपणच वाचावा, आणि कोणते ऑइल भरायचे हे तुमच्या बदलण्याच्या सवयीप्रमाणे एकत्र ठरवू.