‘पेशंट सहकार्य करत नाही’ हा डोळ्यांचा रिपोर्ट नव्हे

डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या लेकरांच्या केसपेपरवर एक ओळ वारंवार दिसते: ‘पेशंट सहकार्य करत नाही, तपासणी शक्य नाही.’ खाली सही. धारणी, भामरागड, झरी-जामणीकडून पहाटेच्या एसटीनं आलेली माय तो कागद पिशवीत घालते, घरी जाते, आणि पुढची कित्येक वर्षं त्या लेकराच्या डोळ्यांचा विषय संपतो. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, ‘दाखवून आणलं ना.’ माझं म्हणणं एवढंच आहे की अशी ओळ म्हणजे तपासणी झाली असं नाही. ती लिहून मिळाली तर त्याच टेबलावर पुढची तारीख मागा, आणि ती मिळेपर्यंत उठू नका.

कारण चष्म्याचा नंबर काढायला लेकराचं उत्तर लागतच नाही. रेटिनोस्कोप नावाचं हातात मावेल एवढं उपकरण असतं. अंधाऱ्या खोलीत त्याचा उजेड बाहुलीवर फिरवतात, आतून परत येणारी लालसर चमक कुठल्या दिशेनं सरकते ते पाहतात, डोळ्यापुढं एकेक भिंग धरत जातात. चमक सरकायची थांबली की हिशेब करून नंबर निघतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचा नंबर असाच काढतात. गडबड होते ती आधीच, यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगतात तेव्हा. लेकरू हनुवटी टेकवत नाही, घाबरून मागं सरकतं, आणि तिथंच ‘सहकार्य नाही’ लिहून मोकळं होतात. म्हणून आत जाताच सांगा, ‘यंत्र राहू द्या, रेटिनोस्कोपी करा.’ मायच्या मांडीवर बसवून, उजेड कमी करून, भिंतीपाशी मोबाईलवरचं एखादं गाणं लांब धरून ते होतं. एका दिवशी एकच डोळा झाला तरी चालेल, दुसरा पुढच्या वेळी.

नजर किती आहे हेही अक्षरं न वाचता कळतं. ली चित्रांच्या तक्त्यावर घर, सफरचंद, गोल आणि चौकोन अशी चारच चित्रं असतात. ३ मीटरवर एक चित्र दाखवायचं, मांडीवरच्या कार्डावर लेकरानं तसंच दुसरं बोटानं दाखवायचं. बोट दाखवणंही जमत नसेल तर एक साधा करडा आणि एक काळ्या-पांढऱ्या रेघांचा असे दोन फलक समोर धरतात. डोळे रेघांकडे वळले म्हणजे तेवढ्या बारीक रेघा दिसल्या. ही चित्रं घरी कागदावर काढून आठवडाभर जोड्या लावायचा खेळ खेळवला, तर दवाखान्यातलं अर्धं काम घरीच होतं.

आता गावात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. ‘त्याचे डोये चांगले हायेत, खाली पडलेला शेंगदाण्याचा दाणा बी उचलते.’ दाणा उचलला म्हणजे हातभर अंतरावरचं, निदान एका डोळ्यानं, दिसतं. मायनस नंबर असलेल्या लेकराला जवळचं छानच दिसतं. धुऱ्यावरून येणारा बाप दहा पावलांवर येईपर्यंत तो कोण हे कळतं का, आणि आवाज न देता कळतं का, ते बघा. एकेक डोळा तळहातानं झाका. एक झाकला की गप्प बसतं आणि दुसरा झाकला की हात झटकून टाकतं, असं असेल तर ज्या डोळ्यावरचा हात झटकला त्याच्यावर सगळा भार आहे. उघडा राहिलेला डोळा कमजोर आहे. मान एका बाजूला कलती ठेवून बघणं, उंबऱ्याशी अडखळणं, तिन्हीसांजेला अंगणात जायला नकार देणं, हे हट्टात मोजू नका. ऑटिझम असलेली काही मुलं फक्त बिस्किट किंवा फक्त पांढरा भात अशी एकाच पदार्थावर अडून बसतात. त्यांच्यात अ जीवनसत्त्व इतकं कमी होऊ शकतं की रातांधळेपणा येतो आणि बुबुळ कोरडं पडतं. तिन्हीसांजेचा नकार तिथून आलेला असू शकतो.

डाऊन सिंड्रोममध्ये नंबर आणि तिरळेपणा पुष्कळ आढळतो, आणि काही बाळांना जन्मतःच मोतीबिंदू असतो. बाहुलीत पांढरी छटा दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक आली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. ते मोतीबिंदू असू शकतं, डोळ्यातली गाठही असू शकते. काही दिसलं नाही तरी बाळ ६ महिन्यांचं व्हायच्या आत एक पूर्ण तपासणी आणि वयाच्या ५ वर्षांपर्यंत दरवर्षी एक हवीच. यातल्या बहुतेक मुलांची जवळ बघताना फोकस करायची ताकद कमी असते, हे फार थोड्या ठिकाणी तपासलं जातं. दूरचा नंबर बरोबर दिला तरी पाटी धूसर दिसते आणि मास्तर म्हणतात, लक्ष देत नाही. फोकसची ही ताकद मोजणारी ‘डायनॅमिक रेटिनोस्कोपी’ करायला सांगा. गरज निघाली तर पाच-सहा वर्षांच्या लेकरालाही बायफोकल, म्हणजे खालच्या भागात जवळचा नंबर असलेला चष्मा, द्यावा लागतो. मोठ्या माणसाच्या बायफोकलची रेघ खालच्या पापणीपाशी असते. या मुलांसाठी ती वर, बाहुलीच्या मध्यापर्यंत लागते, नाहीतर ती खालच्या भागातून बघतच नाहीत. दुकानदाराला हे कागदावर लिहून द्या.

नंबर काढण्याआधी बाहुली मोठी करायला जे औषध देतात त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण चुका इथंच होतात. लहान मुलांना बहुधा ॲट्रोपिन १ टक्का मलम देतात. साधारणपणे दिवसातून दोनदा, ३ दिवस. तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. लावल्यावर नाकाकडचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकातून अंगात कमी जातं. तपासणीच्या दिवशी सकाळी लावू नका, मलमाच्या थरामुळं चमक नीट दिसत नाही. हात धुवा, नाहीतर मायचीच बाहुली मोठी होते. ट्यूब लेकराच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विष आहे. तोंड लाल होणं, अंग तापणं, तोंड कोरडं पडणं, लेकरू सैरभैर होणं, यातलं काही झालं तर मलम बंद करून दवाखाना गाठा. या औषधानं घाम कमी येतो. आपल्याकडं चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा हे औषध नको. तातडीचं नसेल तर दिवाळीनंतरची तारीख घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये ॲट्रोपिनचा असर जास्त होतो. आकडी येत असेल किंवा हृदयात दोष असेल तर ते डॉक्टरांना औषध घालायच्या आधी सांगायचं, नंतर नव्हे. बाहुली आठ-दहा दिवस मोठी राहते, तेवढे दिवस उन्हात टोपी घाला आणि जवळचं काम सांगू नका.

थेंब घालताना चार जणांनी हातपाय धरायची गरज नसते. लेकराला उताणं निजवा, डोळे मिटलेलेच राहू द्या, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा. डोळा उघडला की तो आपोआप आत जातो. जबरदस्ती एकदा केली की पुढच्या प्रत्येक दवाखान्याच्या दारात ते लेकरू रडतं.

चष्मा मिळाला आणि लेकरानं फेकून दिला, की ‘त्याला चष्मा चालत नाही’ म्हणून तो कपाटात जातो. फेकण्याला कारण असतं. फ्रेम नाकावरून घसरते आणि ते काचेच्या वरून बघतं. डाऊन सिंड्रोममध्ये नाकाचा उंचवटा बसका असतो, त्याला सिलिकॉनचे मोठे नोजपॅड आणि आखूड काड्या लागतात. नाहीतर कानामागं लाल वण पडलेला असतो. नाहीतर नंबरच चुकलेला असतो, किंवा काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नाही. हे सगळं तपासल्यावर सवय लावायची: पहिल्या दिवशी ५ मिनिटं, आणि तीही त्याच्या आवडीच्या कामाच्या वेळी. बंगईवर बसताना, आवडतं गाणं बघताना. दोन दिवसांनी १० मिनिटं. मागं इलॅस्टिकची पट्टी, काच पॉलिकार्बोनेटची. ती पडली तरी सहज फुटत नाही.

ज्या बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला, जे उशिरा रडलं किंवा फार लवकर जन्मलं, त्याचं बऱ्याचदा असं होतं की डोळे तपासले तर ठीक, पण लेकरू बघत नाही. बिघाड मेंदूच्या बघण्याच्या भागात असतो. सेरेब्रल पाल्सीत हे इतकं आढळतं की ‘डोळे नॉर्मल’ ऐकून घरी परत जाणं मला धोक्याचं वाटतं. अशी मुलं सकाळी बघतात, दमली की बघत नाहीत. पंख्याकडं, दिव्याकडं टक लावतात. हलणारी वस्तू दिसते, थांबलेली हरवते. वस्तू घेताना आधी तिच्याकडं बघतात, मग तोंड फिरवून हात पुढं करतात. एक खेळणं साध्या चादरीवर सापडतं, टोपलीभर खेळण्यांत सापडत नाही.

यावर गोळी नाही, घर बदलावं लागतं, आणि ते स्वस्तात होतं. स्टीलच्या ताटात चकाकी असते, त्यात वरण-भात दिसतच नाही. गडद लाल किंवा निळी प्लॅस्टिकची ताटली घ्या. खालच्या बाजूचं अन्न रोज उरत असेल तर त्याला खालचा भाग दिसत नाही, ताटली पाटावर ठेवून थोडी तिरपी करा. जमिनीवर काळं कापड अंथरून त्यावर एकच लाल किंवा पिवळी वाटी ठेवा. दाखवा आणि गप्प राहा, मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना वेळ लागतो, आणि आपण त्यांनी बघायच्या आतच तीनदा हाक मारून त्यांचं लक्ष मोडतो. टीव्ही बंद. उजेड लेकराच्या पाठीमागून यावा. मान सावरता सावरता बघणं होत नाही, म्हणून आधी पाठीला आणि मानेला आधार, मग वस्तू. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारा. आणि हे असलं तरी नंबर वेगळा असू शकतो, तो काढायचाच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल एकच गोष्ट: ३४ आठवड्यांच्या आधी जन्म किंवा वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ३० व्या दिवसाच्या आत डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी. फारच लवकर जन्मलेल्या बाळाची त्याहूनही आधी. त्यानंतर पडदा सुटला तर तो परत बसवणं फार अवघड असतं.

डोळे चोळण्याची सवय मात्र लोक फारच हलक्यात घेतात. उन्हाळ्यात ॲलर्जीनं खाज सुटते, लेकरू मुठीनं चोळत राहतं, आणि पौगंडात बुबुळ पातळ होऊन टोकदार व्हायला लागतं. याला केरॅटोकोनस म्हणतात. डाऊन सिंड्रोममध्ये याचं प्रमाण जास्त आहे. तिरपा (सिलिंडरचा) नंबर दर सहा महिन्यांनी वाढत असेल तर बुबुळाचा नकाशा काढायला सांगा. वेळेत कळलं तर सी-थ्री-आर नावाच्या, बुबुळ घट्ट करणाऱ्या उपचारानं वाढ थांबवता येते. एक दिवस अचानक डोळा पांढरट होऊन पाणी वाहायला लागलं तर बुबुळात आतून पाणी शिरलेलं असू शकतं. न बोलणारं लेकरू फक्त जेवण सोडतं आणि डोळ्यावर हात धरतं. खाजेवर मेडिकलमधून स्वतःच थेंब आणू नका. खोक्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात, आणि या लेकराला अंधूक दिसतं हे सांगता येत नाही. आकडीच्या औषधात व्हिगाबॅट्रिन असेल तर बाजूची नजर जाऊ शकते, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मोठी झालेली मुलं तर कोणाच्याच यादीत नसतात. तीस-पस्तीसचा माणूस बाहेर निघायचं बंद करतो, भिंत धरून चालतो, चिडतो, आणि घरचे म्हणतात वयानं झालं. डाऊन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू लवकर येतो. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. त्याच भुलीत दात आणि दोन्ही डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या, आधी विचारलं तर डॉक्टर जुळवून आणतात. नंतर डोळा चोळू नये म्हणून प्लॅस्टिकची ढाल, आणि कोपरांना कापडात गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या घड्या बांधा, हात डोळ्यापर्यंत वाकत नाही.

रस्ता असा आहे. ० ते १८ वर्षांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, पथकाकडून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याला आधी फोन करून गर्दी नसलेला वार विचारा आणि पहिला नंबर मागा. तपासणी झाल्यावर कागदावर प्रत्येक डोळ्याचा नंबर, तिरळेपणा आहे की नाही, पडदा कसा आहे आणि पुढची तारीख, एवढं लिहिलेलं बघूनच निघा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी वैद्यकीय मंडळ बुद्ध्यांक बघतं, डोळे सुटतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ अपंगत्वं आहेत, त्यात अल्पदृष्टीही आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्यानं ६/१८ पेक्षा कमी (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरूनही नाही) दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञाचा कागद मंडळासमोर ठेवा आणि दोन्हींची नोंद मागा. ती नोंद झाली की शाळेतल्या विशेष शिक्षकालाही कळतं की याला मोठी अक्षरं आणि पुढचा बाक लागतो.