मीक पाणो होयो!

मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची रांग होती आणि मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "जेटीर आसंय, येतंय." मागचे गृहस्थ एकदम उजळले. "अहो, परत म्हणा ना! रेकॉर्ड करतो ना!"

सोलकढीसारखी मालवणीही ताटासोबत मागावी आणि मिळावी, असा एक समज आहे.

"आता एक शिवी द्या ना. तुमच्याकडे प्रेमाने देतात ना?" माझं तेवढं प्रेम अजून बसलं नव्हतं. यावर त्यांनी माझीच परीक्षा घेतली. "तुमची तितकी अस्सल नाही वाटत. नाटकात जास्त नाकात असते." आणि खरोखर नाक चिमटीत धरून सरबतवाल्या बाईंना म्हणाले, "गे बाये, मीक पाणो होयो!"

तीन शब्द, तीन अपघात.

'ला'च्या जागी 'क' चिकटवला की मालवणी होत नाही. तो सामान्यरूपाला लागतो: घराक, गावाक, आंब्याक. 'मी'चं 'माका' होतं, 'तू'चं 'तुका'. 'मीक' म्हणजे गाडी पुण्याची आणि नंबरप्लेट तेवढी सिंधुदुर्गाची. 'ओ' पुल्लिंगाचा: आंबो, घोडो, मासो. पाणी नपुंसकलिंगी, ते इथेही पाणीच राहतं, म्हणून 'हवं'चं 'होया'. आणि नाक? तेही वाटेल तिथे लावायचं नाही. नपुंसकलिंगी शेवटाला लागतं: तां, केळां, 'आमचां चेडू इलां'. हो, घरातली मुलगी आमच्याकडे नपुंसकलिंगी असते. हे त्यांना सांगितलं नाही; तेही रेकॉर्ड झालं असतं. बाकीचं नाक सर्दीचं.

"पण ही कोकणीच ना?" कोकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मालवणी महाराष्ट्रात मराठीची बोली म्हणून मागे राहिली, आणि बोलीला अनुसूची नसते, प्रेक्षक असतात. बरं, कोकणात हेल तरी एक आहे का? वर संगमेश्वराकडे निराळाच सूर. रायगडात आगरी लागली की 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न'. शहरात मात्र सगळ्यांना मिळून एकच नाव, गावठी.

जेटीवर गोड लागणारा हाच 'क' मुंबईत मुलाखतीला नेऊन बघा. 'बोलणं जरा सुधारा' म्हणतात, तेही हसत. म्हणून पोरं महिन्याभरात 'माका' ट्रंकेत ठेवतात आणि गणपतीला गावाक आली की मखराच्या सामानाबरोबर बाहेर काढतात. तोवर त्याला कसर लागलेली असते. इकडे या गृहस्थांच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला 'ना'चं शेपूट. पण तो हेल नव्हे, ती भाषा. त्यांना कोणी कधी जेटीवर थांबवून "परत 'ना' म्हणा" म्हटलं नसेल.

बाईंनी बाटली पुढे केली. "वीस रुपये, सर. गार देऊ की साधी?" साजूक तुपातली प्रमाण मराठी. गृहस्थांचा चेहरा पडला. फोन खिशात गेला.

ते होडीकडे वळल्यावर बाई माझ्याकडे झुकल्या.

"नाक कित्याक धरल्यान रे? माशांचो वास येता काय?"