सेलला लिंक दिली म्हणजे ईमेल जोडला गेला, असे नाही

‘ईमेल कोणत्याही स्वरूपात फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि स्प्रेडशीटमधील सेलला त्याची लिंक द्या, नोंद आणि तिचा पत्रव्यवहार कायमचा जोडला जातो, वेगळे काही लिहून ठेवावे लागत नाही,’ हा सल्ला कार्यालयीन कामाच्या युक्त्यांमध्ये वारंवार पुढे पाठवला जातो. ईमेल सेव्ह करावा इथपर्यंत तो योग्य आहे. त्यापुढची विधाने मात्र तपासल्यावर टिकत नाहीत.

‘कायमचा’ हा दावा आधी पाहू. सेलमध्ये ईमेल नसतो, त्या फाइलपर्यंतचा मार्ग तेवढा असतो. वर्कबुक, म्हणजे स्प्रेडशीटची फाइल, आणि ईमेलची फाइल एकाच ड्राइव्हवर असतील, तर एक्सेल सहसा हा मार्ग वर्कबुकच्या जागेपासून मोजून साठवते, त्यामुळे दोन्ही एकत्र हलवल्यास लिंक टिकते. पण वर्कबुक एकटेच कुणाला पाठवले आणि त्याने ते आपल्या संगणकावर उघडले, तर त्या मार्गाच्या टोकाला काहीच सापडत नाही. वर्कबुक दुसऱ्या ड्राइव्हवर असेल आणि सामायिक ड्राइव्हला दोन संगणकांवर वेगवेगळी अक्षरे दिलेली असली तरी हेच घडते. तेथे सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा नेटवर्क मार्ग वापरणे बरे. शिवाय तुटलेली लिंकही निळी आणि अधोरेखितच दिसत राहते, एक्सेल आपणहून काही सांगत नाही, आणि दोष कळतो तो कागद तातडीने हवा असतानाच.

या सल्ल्याची एक सुधारित आवृत्तीही फिरते: फाइल कशाला, आउटलुकमधील संदेशालाच थेट लिंक द्या. आउटलुकमध्ये प्रत्येक संदेशाला अंतर्गत ओळख असते हे खरे; पण संदेश दुसऱ्या डेटा फाइलमध्ये, म्हणजे उदाहरणार्थ जुन्या पत्रांच्या संग्रहात, हलवला की ती बदलते, आणि आउटलुक 2007 पासून या ओळखीवरून बनवलेले पत्ते आउटलुकच्या बाहेरून उघडण्याची सोय मुळात बंदच ठेवलेली आहे. जीमेलमधील संदेशाचा वेबपत्ता तर त्या खात्यात प्रवेश असलेल्यालाच उपयोगी पडतो.

‘कोणत्याही स्वरूपात सेव्ह करा’ हेही पटण्यासारखे नाही. पीडीएफ वाचायला सोयीची असते, परंतु संदेश छापून तयार केलेल्या पीडीएफमध्ये त्याचे पूर्ण शीर्षलेख (हेडर, म्हणजे संदेशासोबतच्या तांत्रिक नोंदी) येत नाहीत आणि जोडलेल्या फाइली सहसा मागे राहतात. एमएसजी हे मायक्रोसॉफ्टचे द्विमान (बायनरी) स्वरूप आहे. ईएमएल ही साध्या मजकुराची फाइल असते आणि अनेक ईमेल प्रोग्राम ती उघडतात. पुढे कधी संदेशाच्या अस्सलपणाचा प्रश्न निघाला, तर डीकेआयएम स्वाक्षरी (पाठवणाऱ्या डोमेनने संदेशावर केलेली डिजिटल स्वाक्षरी) पडताळण्यासाठी मूळ शीर्षलेख आणि मजकूर जसेच्या तसे लागतात. म्हणून मूळ ईएमएल मिळत असेल तर ती ठेवावी. पीडीएफ हवी तर सोबत असू द्यावी.

खरा घोळ ‘वेगळे काही लिहून ठेवावे लागत नाही’ या वाक्यात आहे. ईमेलच्या शीर्षलेखात सहसा मेसेज-आयडी (त्या संदेशाची स्वतंत्र ओळखखूण) असतो; संदेश पाठवतानाच तो दिला जातो, आणि फोल्डर बदलले, फाइलचे नाव बदलले किंवा संदेश दुसऱ्या खात्यात नेला तरी तोच राहतो. तारीख, पाठवणारा, विषय आणि हा मेसेज-आयडी असे साधे मजकुराचे स्तंभ ठेवले, तर सर्व लिंका तुटल्या तरी संदेश शोधता येतो. जीमेलमध्ये मेसेज-आयडीवरून थेट शोधण्याची सोयही आहे. लिंक त्यानंतर येते. फाइलचे नाव एका स्तंभात आणि मुख्य फोल्डरचा मार्ग एकाच सेलमध्ये ठेवून हायपरलिंक सूत्राने दोन्ही जोडावेत, म्हणजे फोल्डर हलवल्यावर शेकडो लिंकांऐवजी एकच सेल बदलावा लागतो. या सूत्रातील पत्ता 255 अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि फाइलच्या नावातील हॅश चिन्हाने लिंक बिघडते, त्यामुळे लांबलचक विषयावरून नाव देण्याऐवजी तारीख आणि अनुक्रमांक वापरावा. विषयातील अपूर्णविराम विंडोजच्या फाइलनावात तसाही चालत नाही, आणि एकाच विषयाची दहा उत्तरे असली की नुसत्या नावावरून काहीच उमगत नाही.

गूगल शीट्समध्ये मात्र संगणकावरील फाइलची लिंक ब्राउझर उघडू देत नाही. तेथे ईएमएल गूगल ड्राइव्हवर चढवून तिचा पत्ता द्यावा लागतो. एकाच व्यक्तीने एकाच संगणकावर थोड्या दिवसांसाठी केलेल्या तक्त्याला एवढा खटाटोप अनावश्यक आहे, आणि तेवढ्यापुरता तो मूळ सल्ला चालून जातो.