थकलो होतो, बुडवलं नव्हतं

पोस्ट लांब आहे. ज्याचा कर्जाचा हप्ता आयुष्यात कधी चुकला नाही त्याने सोडून दिली तरी चालेल.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. पहिल्या वर्षाची फी भिशी उचलून भरली, पण भिशी काय दरवर्षी आपल्यालाच लागते का? कर्ज मुलीच्या नावावर असलं तरी सोबत बापाची सही लागते. टेबलापलीकडचा पोरगा चांगला होता. माझा पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, घरात दुसरं कोणी कमावतंय का? तुमच्या नावावर नाही होणार."

क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे मार्क, कमी असणार हे मला माहीत होतं. तसं म्हणालो.

"स्कोअरचं सोडा. इथं विलफुल डिफॉल्ट पडलंय."

म्हणजे काय, विचारलं. त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे ऐपत असून मुद्दाम बुडवलं. आमच्याकडे त्याला फ्रॉडच्या शेजारीच बसवतात."

मुलगी बाजूच्या खुर्चीत होती. तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच झाकण लावून टाकलं.

आता मूळ गोष्ट. २०१८ साली एका खासगी बँकेकडून ३ लाख ७५ हजारांचं मशिनरी लोन घेतलं. बँकेचं नाव सांगत नाही, विचारूही नका. त्यातून टॉवेलचे चार जुने माग बसवले, वडिलांचे दोन आधीपासून होतेच. हप्ता ९,१२० रुपये. लॉकडाऊन लागेपर्यंत एकही हप्ता मागेपुढे झाला नाही. रिझर्व्ह बँकेने तेव्हा आधी तीन महिने आणि मग वाढवून ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, ती मीही घेतली. पण सवलत संपली म्हणून धंदा थोडाच सुरू होतो? माझा माल जायचा हॉटेलं आणि लॉजना, त्यांनाच कुलूप. व्यापाऱ्याकडे पैसे अडकले, सूतवाल्याने उधारी बंद केली. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१, सलग आठ हप्ते गेले. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत होतं, तसं झालं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पैसे घेतले होते, वेळेवर दिले नाहीत, तसं लिहिलं गेलं.

माझ्या चुका दोन, त्याही सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या शेडचं भाडं परवडेना म्हणून चारही माग विडी घरकुलला मेहुण्याच्या शेडमध्ये हलवले आणि बँकेला कळवलं नाही. लक्षातच आलं नाही म्हणा, किंवा फोन उचलायचं धाडस नव्हतं म्हणा. बँकेचा माणूस जुन्या शेडवर येऊन गेला, कुलूप बघितलं आणि लिहिलं, "युनिट बंद, मशिनरी जागेवर नाही." हे मला चार वर्षांनी कळलं.

दुसरी चूक पाकिटाची. दिल्लीच्या कुठल्याशा वकिलाकडून रजिस्टरने नोटीस आली. आमच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि अब्रू जाते ती इंग्रजीत. लाइटबिलांच्या गठ्ठ्याखाली ते पाकीट तसंच ठेवलं. बायकोने दोनदा विचारलं, मी म्हणालो जाहिरात आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात, आम्हा तेलुगू विणकरांच्या वस्तीत, वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्यात हप्ता चुकला तर माणूस बँकेत जाऊन बोलत नाही, रस्ता बदलतो. कन्ना चौकातून जायचं तर ओळखीचं कोणी भेटेल म्हणून बोळातून जातो. वसुलीवाले रात्री नऊला फोन करायचे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आला, तो तेव्हाच कळला असता तर निदान जेवण तरी नीट झालं असतं. मेहुणा एकदा चिडून म्हणाला, "काय करूलालास बे, फोन उचल की, खातात का ते तुला?" त्याचं बरोबर होतं.

२०२२ च्या दिवाळीआधी वडिलांचे दोन्ही माग विकले (बँकेच्या कर्जातले चार नव्हेत, ते आजही चालतात) आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. एजंट म्हणत होता, साठ टक्क्यांत सेटल करा. पतसंस्थेत काम करणाऱ्या चुलत भावाने अडवलं. म्हणाला, सेटल केलंस तर रिपोर्टवर 'सेटल्ड' असं पडतं आणि पुढचा प्रत्येक बँकवाला ते वाचतो, जमत असेल तर पूर्ण भर. व्याज-दंडासकट पूर्ण भरलं. नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं, पत्र मिळालं, ते मी लॅमिनेट करून घेतलं. हसा.

तर पैसे पूर्ण फेडून तीन वर्षं होत आलेला माणूस कागदोपत्री मुद्दाम बुडवणारा निघाला.

त्या रात्री मुलीनेच मोबाईलवर माझा क्रेडिट रिपोर्ट काढून दिला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तोही कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्याकडे चौघींनाही सिबिलच म्हणतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि सगळे तेवढाच बघतात. मीही तेच करायचो. खरा मजकूर खाली असतो. प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांचे चौकोन, त्यात किती दिवस थकलं ते. आणि त्याच्या जवळ एक छोटी ओळ: सूट फाइल्ड / विलफुल डिफॉल्ट. दावा दाखल आहे का, मुद्दाम बुडवलंय का. माझ्या त्या ओळीत दोन्ही होतं. दावा कुठल्या कोर्टात? मला तर आजवर समन्स आलेलं नाही.

इथून माझा राग सुरू होतो.

थकबाकीदार हा एक शब्द आहे आणि कर्जबुडवा हा दुसरा. पहिला हिशेबातला, दुसरा चारित्र्याचा. पहिला लावायला कॅलेंडर पुरतं. दुसरा लावायचा तर माणसाच्या मनात काय होतं ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी त्याला निदान एकदा विचारावं तरी लागतं. ही माझ्या पदरची गोष्ट नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या निर्देशांत विलफुल डिफॉल्टर ठरवायची रीत दिलेली आहे. मुळात थकबाकी २५ लाख किंवा त्याहून जास्त असली पाहिजे. आधीच्या परिपत्रकातही मर्यादा २५ लाखच होती. मग बँकेच्या समितीने पुरावा बघायचा, कारणे दाखवा नोटीस द्यायची, उत्तराला २१ दिवस द्यायचे, त्यावर दुसऱ्या समितीने म्हणणं ऐकायचं आणि कारणांसकट आदेश काढायचा. माझं अख्खं कर्जच पावणेचार लाखांचं! मी मनात आणलं असतं तरी त्या यादीत बसण्याएवढा मोठा नव्हतो.

फ्रॉडचा शेरा तर याहून जड. तो लागला की पूर्ण पैसे भरल्यानंतरही पाच वर्षं बँकांकडून कर्ज मिळत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी, स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या खटल्यात, सांगितलं की खातं फ्रॉड ठरवण्याआधी कर्जदाराचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे आणि निर्णय कारणांसह दिला पाहिजे. हे भांडण मोठ्या कर्जदारांचं होतं. पण कोट्यवधींच्या कर्जदाराला बोलायची संधी मिळते आणि चार मागवाल्याच्या कपाळावर कुणीतरी ड्रॉप-डाउनमधून शिक्का मारतो, हे कुठलं गणित?

माझा एक मित्र, टॉवेलचाच व्यापारी, म्हणाला, बँकांनी तरी काय करावं, बुडवणारे पण आहेतच की. आहेत. तेच माग दोन बँकांना तारण दाखवणारे आहेत, मशीनचं खोटं कोटेशन करून त्या पैशात प्लॉट घेणारे आहेत, तारण ठेवलेली मशीन परस्पर विकणारे आहेत. त्यांना फ्रॉड म्हणा, माझी हरकत नाही. उलट त्यांच्यामुळेच शेड हलवलेला माणूस संशयात येतो. आणि माझ्या बाबतीत संशय येणं चूक नव्हतं हेही मान्य. मशीन जागेवर नाही म्हटल्यावर कुणालाही संशय येईल. पण संशय आल्यावर विचारायचं असतं. विडी घरकुल काही लांब नाही, सिटी बस जाते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणंच आहे. सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली. सिबिल स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारतं. सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं: बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. संपलं. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. चांगला आहे. पण 'बरोबर आहे' एवढं लिहून तक्रार बंद केली की तो मीटरही बंद पडतो. तक्रार नाकारली तर कारण सांगायचं हेसुद्धा रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. मला कारण आलं ते एका ओळीचं, 'नोंदीनुसार'. नोंद चुकीची आहे ही तर तक्रार होती!

मग भावाने सांगितलं, वाद घालू नकोस, कागद माग. बँकेच्या प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या मोठ्या साहेबाला, पत्र लिहिलं, मराठीत, एका पानाचं. माझी बाजू, लॉकडाऊन, पाटल्या, यातलं काहीच लिहिलं नाही. तीनच गोष्टी मागितल्या. कारणे दाखवा नोटीस कोणत्या तारखेला पाठवली, तिची प्रत आणि पोच. समितीच्या आदेशाची प्रत. दाव्याचा क्रमांक आणि कोर्टाचं नाव. सोबत नो ड्यूजचं पत्र जोडलं (लॅमिनेशनची झेरॉक्स चकचकीत येते, लॅमिनेट करू नका).

उत्तर आलं, त्यात तो 'मशिनरी जागेवर नाही'वाला रिपोर्ट होता. आदेशाबद्दल अक्षर नाही, दाव्याबद्दल अक्षर नाही. म्हणजे दावा नव्हताच. कोणीतरी वकिलाच्या नोटिशीलाच दावा समजून नोंद केली असावी, असा माझा अंदाज.

महिनाभरात समाधान झालं नाही की बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. सीएमएस नावाचं पोर्टल आहे, १४४४८ हा फोन आहे, ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडला पोस्टाने पाठवता येतं. फक्त बँकेला आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. शाखेत जाऊन साहेबाला तोंडी सांगितलेलं धरत नाहीत, आणि आपण सगळे नेमकं तेच करत असतो. ऑगस्टमध्ये तक्रार टाकली. लोकपालाचा निर्णय यायच्या आधीच, दसऱ्यानंतर, बँकेचा मेल आला: नोंद दुरुस्त केली आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

आठ चुकलेले हप्ते कोणी पुसले नाहीत, मी पुसा म्हटलंही नव्हतं. ते चौकोन आपल्या गतीने मागे सरकत जातील. पण पुढच्या महिन्यात चारही रिपोर्ट काढले तर एकीकडे जुनाच शेरा! बँका तेव्हा, २०२५ मध्ये, दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायच्या, तरी एका ठिकाणी बदललं म्हणजे सगळीकडे बदललं असं धरू नका. पुन्हा एक पत्र, पुन्हा तीन आठवडे.

मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी शेवटी भावाने भरली. कर्जाचा अर्ज तिने या वर्षासाठी पुन्हा भरलाय आणि सह-कर्जदाराच्या रकान्यात माझं नाव तिनेच लिहिलं. मी काही बोललो नाही.

विजेच्या खांबांवर हल्ली 'सिबिल क्लीअर करून मिळेल' असे कागद दिसतात. एकाला मी जुलैमध्ये फोन केला होता. पंधरा हजार मागितले, पाच आधी. काय करणार विचारलं तर म्हणे आमची आत ओळख आहे. आत ओळख कोणाचीच नसते. तोही तीच फुकटची तक्रार टाकतो, तुमच्या ओटीपीने. त्यात खरी थकबाकी असेल तर ती तो काय, कोणीच काढू शकत नाही.

ही पोस्ट टाकायची की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बायको म्हणाली, लोकांना कळेल. मी म्हणालो, बँकांना पाच वर्षं कळत होतंच, आता लोकांना खरं कळू दे.

अशी ओळ कोणाच्या रिपोर्टवर असेल तर रविवारी सकाळी दहानंतर शेडवर या. ओळखीचे येतीलच, अनोळख्यांनी मेसेंजरवर पत्ता विचारा. पत्राचा नमुना देतो, पैसे लागत नाहीत, चहा लागतो. रिपोर्ट छापून आणा, मोबाईलवरची अक्षरं मला दिसत नाहीत. आणि न फोडलेली पाकिटं असतील तर तीही आणा, इथेच फोडू.