भरिताचा सतरावा हिस्सा

बी.कॉम. झालेल्या माणसाला खानदेशात भरीत सुखाने खाता येत नाही. थंडी पडली की यावल-रावेरपासून जळगावपर्यंत रविवारी कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून धूर निघतोच. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सालं सोलायची, हिरव्या मिरच्या-लसूण घालून ठेचायची, वरून तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. इथवर माझी कुणाला आठवण होत नाही. शेवटची पुरी संपली की मात्र चारही बाजूंनी एकच हाक येते, “हिशोब याच्याकडे द्या. शिकलेला आहे.”

शाळेच्या पुस्तकातले अ, ब आणि क ही फार गुणी माणसं. नफा २:३:१ या प्रमाणात वाटा म्हटलं की मुकाट्याने वाटून घेतात. ‘माझाच वाटा एक का?’ असं क कधी विचारत नाही. आमच्या घराण्यात तीन क आहेत आणि तिघंही बोलतात.

यंदा भांडणाची सुरुवात पिठापासूनच झाली. भरिताबरोबर पुऱ्या असल्या तरी कळण्याची भाकरी हवीच, असा नानांचा हट्ट. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद. आता ज्वारी किती आणि उडीद किती, यावर प्रत्येक घराचा वेगळा कायदा. वहिनी चारास एक म्हणतात, आमची ही दोनास एक. शेवटी तीन किलो दळण दोनास एक ठरलं आणि पुतण्याला डबा घेऊन गिरणीत पाठवलं. पोराने काय करावं? दोनास एक म्हणजे निम्मं, अशी स्वतःची समजूत काढून दीड किलो ज्वारी आणि दीड किलो उडीद दळून आणले. खरं तर दोन भाग आणि एक भाग मिळून भाग होतात तीन, म्हणजे उडीद एक तृतीयांश, एक किलो. उडीद ज्वारीच्या निम्मे असतात, पिठाच्या नव्हे. हे मी त्याला काडीने मातीत तीन चौकोन काढून दाखवलं. तो म्हणाला, “काका, पीठ काळं झालं तर काय झालं, भरीतही काळंच असतं.” हा मुलगा पुढे मोठा माणूस होणार.

असो. खर्च झाला ३,६०० रुपये. वांगी, तेल, जिलबी, पुऱ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरी आणि गाडीचं भाडं. माणसं बारा: आमच्या घरची चार, नानांकडची सहा, धुळ्याकडच्या शिरपूरहून आलेले जिभाऊ आणि त्यांचे शालक असे दोन. चारास सहास दोन, दोनाने भाग घातला की २:३:१. सहा भाग, एक भाग सहाशेचा. आमचे बाराशे, नानांचे अठराशे, जिभाऊंचे सहाशे. मी पेन खिशात ठेवलं आणि बडीशेपेकडे हात नेला.

“थांबा भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “एस्टीत आम्हाला अर्धं तिकीट. इथे पूर्ण कसं?”

२०२३ पासून एस्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खरी गोष्ट. पण ती सवलत भरितापर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या हिनेही लगेच मान डोलावली. मग बारा वर्षांखालच्या पोरांचं अर्धं तिकीट निघालं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकटच, म्हणून नानांचे वडील, आमचे आबा, शून्यावर गेले. आबांनी आक्षेप घेतला नाही. ते दात कोरत होते.

नवा हिशोब मांडला. आमच्याकडे मी एक, पंधरा वर्षांचा मुलगा एक, ही अर्धी, नऊ वर्षांची मुलगी अर्धी: तीन. नानांकडे नाना एक, पुतण्या एक, वहिनी, सून आणि नातू प्रत्येकी अर्धा, आबा फुकट: साडेतीन. जिभाऊंचे दोन धडधाकट पुरुष, सवलत कसलीच नाही: दोन.

“साडेतीन नाही, औट म्हण,” आबा डोळे मिटूनच म्हणाले. “बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा...” आबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं घोकलेलं. अपूर्णांकाला ते घाबरत नाहीत, आम्ही मोबाइल काढतो. त्यांच्या बे औट सातने काम झालं. सगळ्यांची दुप्पट केली की अर्धे गेले आणि उरलं ६:७:४. बेरीज सतरा. आता ३,६०० ला सतराने भाग घालून बघा. छेदात सतरा आला की भानगड ठरलेली.

जवळच्या पूर्ण रुपयात आकडे आले असे: आमचे १,२७१, नानांचे १,४८२, जिभाऊंचे ८४७.

पहिला आवाज आमच्याच घरातून आला. “माझं तिकीट अर्धं झालं, पोरीचं अर्धं झालं, आणि आपलं बिल एकाहत्तर रुपयांनी वाढलं? हे कुठलं गणित?”

मी समजावलं की आपला वाटा चाराचा तीन झाला हे खरं, पण एकूण भागही बाराचे साडेआठ झाले. नानांना आपल्यापेक्षा जास्त सूट मिळाली. आधी आपण बारातले चार होतो, म्हणजे एक तृतीयांश. आता सतरातले सहा, म्हणजे त्याहून थोडे जास्त. तिने ऐकून घेतलं. बायकोने शांतपणे ऐकून घेणं चांगलं लक्षण नव्हे.

तोवर जिभाऊ उठून उभे राहिले होते. “एस्टीनी सूट सरकार भरस. आठे सरकार कोन? मी?”

मुद्दा बिनतोड होता. सवलतीची रक्कम एस्टीला सरकार देतं, आमच्या मळ्यात मात्र ती जिभाऊंच्या खिशातून जात होती. पुढे ते बरंच बोलले. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं, पश्चिमेचंच दर वेळी कमी होतं, वगैरे. नानांनी ‘शेत माझं, काड्या माझ्या’ हे एवढ्यात दोनदा ऐकवलं. शेवटी डोई मोजूनच पैसे काढायचे ठरलं. जिभाऊंनी सहाशे मोजून दिले आणि विजयी मुद्रेने पान लावायला घेतलं.

तेवढ्यात सुनेने पातेल्याचं झाकण काढलं. भरीत तीन किलो उरलं होतं. घरी न्यायला वाटून द्या, म्हणाली.

“डोई मोजून,” मी घाईने म्हणालो. “आमचं एक किलो, नानांचं दीड, जिभाऊंचं अर्धा.”

“बरोबर,” वहिनी म्हणाल्या, “आम्ही काय अर्ध्या पोटाच्या आहोत?” आबांनी डोळे उघडून आपण पूर्ण माणूस असल्याचं जाहीर केलं. सगळं जुळत आलं होतं. जिभाऊ मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. सतरातले चार, तीन किलोत. सातशे ग्रॅम. पान गालात सारून त्यांनी पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले,

“एस्टीना नियमखाल वाट, भो.”