आपला अभिप्राय वाचला: इरकलीच्या पदराच्या ‘जोडा’बद्दल

ताई, नमस्कार.

फॉल-पिको शुक्रवारी देतो म्हणून सांगितलं आणि साडी रविवारी हातात दिली. काउंटरवरचा मुलगाही तुमच्याशी तुटक बोलला. दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. चूक आमची.

तुम्ही लिहिलंय, खरेदीचा तुम्हाला तिटकारा आहे. वर्षातून दोनदा दुकानाची पायरी चढता, तीही आमचीच. सागवानी कपाटं, पांढरी गादी, दहा साड्या उलगडल्या तरी कुणी मागे लागत नाही. वाचून फार बरं वाटलं. पण त्याच्याच खाली आहे, ‘₹४,६०० घेऊन पदराला तुकडा जोडलेली साडी गळ्यात मारली.’ हे फार लागलं.

तो तुकडा नाही, ताई. इरकलीचा पदर असाच होतो. कर्नाटकातल्या इळकलला, जिथे ही साडी विणतात, साडीच्या अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा वेगळा तयार करतात. तुमच्या साडीत अंग सुती आणि पदर पक्क्या रेशमाचा आहे. अंगाच्या धाग्यांचे फास पदराच्या धाग्यांच्या फासांत एकेक करून अडकवतात आणि मगच तो भाग विणला जातो. याला टोपे-टेणी म्हणतात. म्हणूनच दर साडीला नवा ताणा लागतो. थानासारखं सलग विणून कापता येत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? ताणा एकच ठेवला तर अंगाच्या उभ्या धाग्यांचा रंग पदरातही येतो आणि लाल बाणा (आडवे धागे) घातला तरी पदर मिश्र रंगाचा दिसतो. इरकलीचा पदर लालभडक आणि त्यातली नक्षी पांढरीशुभ्र उठून दिसते ती ताणाच बदललेला असतो म्हणून.

घरीच पाहा. पदर उलटा करून उजेडात धरा. शिवण असती तर दुमडलेली कड आणि टाक्यांचा दोरा दिसला असता. इथे नख फिरवलं तर फासांची बारीक खडबडीत रेघ तेवढी लागेल.

तुमच्या फोटोत रेघेजवळ चुण्या आहेत. त्यावरून साडी गरम पाण्यात गेली असावी, असं वाटतं. सूत आटतं, रेशीम तेवढं आटत नाही. ओढ बसते ती नेमकी जोडावर. ‘पहिली धुलाई ड्रायक्लीन’ हे पावतीच्या मागे छापलेलं आहे, मात्र अक्षर बारीक आहे हे मान्य. आता जोडापाशी पाण्याचा हलका हात फिरवा, उलट्या बाजूनं वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री करा. साडी आडवी अलगद ताणा, उभी ओढू नका, नाहीतर फास ढिले पडतात. नेसताना त्या रेघेवर सेफ्टी पिनही नको.

यापुढे फॉलची तारीख पावतीवर लिहून देऊ, धुण्याची सूचना तोंडी सांगू आणि मुलांनाही समज देतोय. तुम्ही साडी घेऊन या, दुपारी गर्दी नसते. दुसरी इरकल शेजारी उलगडून दाखवतो. शिवणीचा एक जरी टाका सापडला तरी पूर्ण पैसे परत. फॉलच्या दोन दिवसांसाठी तारे कापलेत, ते कबूल. ‘गळ्यात मारली’ एवढं मात्र काढाल का?