फॉइल काढ आधी, मावशी

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, हा नवा चार्जर बिघडलाय का? फोन चार्ज व्हायला लागतो, थांबतो, परत लागतो. आणि मधला कागद चटका बसेल इतका तापतोय."

कुठला मधला कागद? तर वायरलेस चार्जरचा पॅड (ज्यावर फोन नुसता ठेवला की तार न लावता चार्ज होतो) आणि फोन यांच्या मध्ये तिने अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी घातली होती. "रेडिएशन शोषून घेतं म्हणे."

हे 'म्हणे' कुठून आलं ते विचारायची गरजच नव्हती. तो लांबलचक मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपांवरून येऊन गेलाय. त्यातला ऐवज थोडक्यात असा: वायरलेस चार्जर रात्रभर रेडिएशन सोडतो, त्याने कॅन्सर होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेनेच हे मान्य केलंय. बॅटरी सहा महिन्यांत मरते. वीज दुप्पट जाते. कार्डं पुसली जातात. पेसमेकर असलेल्याने त्या खोलीत पाऊलही ठेवू नये. आणि तळाशी 'साधा उपाय': पॅडवर फॉइल किंवा तांब्याची पट्टी ठेवा. मग अर्थातच, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. पण हा मावशीच्या उशापर्यंत पोचला, तिथे गरम झाला, म्हणून हे लिहितेय.

उपायापासूनच सुरू करते, कारण अख्ख्या मेसेजमध्ये खरोखर धोक्याचं असं तेवढंच आहे. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला लाखाहून अधिक वेळा उलटसुलट होणारा प्रवाह जातो, त्यामुळे भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनच्या पाठीमागच्या दुसऱ्या वेटोळ्यात त्यातून वीज उमटते. एवढंच. फॅरेडेने हे १८३१ सालीच दाखवलं होतं. इलेक्ट्रिक टूथब्रशही कित्येक वर्षं असेच चार्ज होतात, त्यांच्यावर कुणी मेसेज लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता या दोन वेटोळ्यांच्या मध्ये धातू ठेवला तर काय होईल? तेच क्षेत्र त्या धातूत गोल गोल फिरणारे प्रवाह निर्माण करतं आणि धातू तापतो. इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. म्हणजे मावशीने सुरक्षेसाठी म्हणून पलंगाशेजारी एक छोटी शेगडी मांडली होती, आणि वर फोन शिजत ठेवला होता. कुणी म्हणेल, अ‍ॅल्युमिनियमची भांडी इंडक्शनवर तापत नाहीत. जाड भांडं तापत नाही, बरोबर. पण फॉइलसारखा पातळ पत्रा झटकन तापतो.

चालू-बंद का होत होतं तेही सांगते. फोन पॅडला सतत कळवत असतो, मला इतकी पॉवर मिळाली. पॅड ते आकडे आपण किती दिली त्याच्याशी ताडून बघतो. तफावत जास्त दिसली की मध्ये काहीतरी धातू अडकलाय असं समजून हात आखडता घेतो. मावशी, तुझा चार्जर बिघडला नव्हता. त्या खोलीत त्या वेळी शहाण्यासारखं वागणारा तोच एक होता. प्रमाणित नसलेल्या स्वस्त पॅडमध्ये ही तपासणी भरवशाची असेलच असं नाही, आणि फॉइलचा सल्ला तर सगळ्यांनाच दिलाय.

शिवाय एक साधा प्रश्न. फॉइलने खरंच सगळं 'शोषून' घेतलं तर फोन चार्ज कशाने होणार? जे शोषायचं म्हणतात तेच तर चार्जिंग आहे!

रेडिएशनचं आता. या पॅडची कंपनसंख्या साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या आसपास असते, काही नव्या पॅडची ३६० पर्यंत. १५० किलोहर्ट्झला लहरीची लांबी भरते दोन किलोमीटर. तळहाताएवढं वेटोळं असली लहर दूरवर फेकायला अगदीच तोकडं. त्याचं क्षेत्र त्याच्या अंगालगतच राहतं आणि जरा दूर गेलं की झपाट्याने विरतं. म्हणून तर फोन पॅडवर चिकटवून ठेवावा लागतो, थोडा सरकला तरी चार्जिंग रुसतं. जे फोनपर्यंत धड पोचत नाही ते उशीपर्यंत पोचून पेशी जाळेल, हे लिहिणाऱ्याला खटकलं कसं नाही? पेशीतले रासायनिक बंध तोडायला लागणारी ऊर्जा या लहरींकडे नसते. या बाबतीत डोक्यावरचा दिवा त्यांच्या कितीतरी पुढे आहे. आणि वर फोनच नसेल तर पॅड 'रात्रभर सोडत' वगैरे नाही, अधूनमधून कुणी आलंय का एवढी चाचपणी करतो.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणाल तर तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना '२ बी' गटात टाकलं, हे खरं. पॅडची कंपनसंख्या कागदोपत्री त्या पट्ट्यात येते, हेही मान्य. पण त्या गटाचा अर्थ 'कदाचित, पुरावा तोकडा' इतकाच. धोका किती मोठा आहे हे तो गट सांगतच नाही. ज्या अभ्यासांवर बोट ठेवलं गेलं ते मुख्यतः मोबाइल कानाला लावून बोलण्याविषयीचे होते. त्याच '२ बी'मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. तो मेसेज पाठवणाऱ्यांनीच कोरफडीचा रस प्या म्हणून आधी कधी पाठवलं असेल, तर मला नवल वाटणार नाही.

बॅटरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. नाइलाजाने कबूल करते. बॅटरीचा शत्रू उष्णता, आणि पॅडवर फोन तारेपेक्षा जास्त तापतो. वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून २०१९ साली 'एसीएस एनर्जी लेटर्स' या नियतकालिकात छापलंय. तारेने चार्ज करताना फोनचं सरासरी तापमान २७ अंशांवर गेलं नाही. पॅडवर नीट मधोमध ठेवलेला फोन ३०.५ अंशांपर्यंत गेला आणि नंतर हळूहळू उतरला. वाकडा ठेवलेला फोनही तेवढाच तापला, पण लवकर तापला आणि बराच जास्त वेळ तसाच राहिला: नीट ठेवलेल्याची ५५ मिनिटं, वाकड्याची १२५. 'सहा महिन्यांत मरते' याला आधार नाही, पण फोन तिरका टाकून झोपायची सवय वाईट, एवढं यातून नक्की निघतं. चुंबकाने फोन जागेवर बसवणारे पॅड आलेत ते काही नुसती चैन म्हणून नाही. जाड कव्हर काढा, उशीखाली पॅड सरकवू नका. मला घाई असते तेव्हा मी स्वतः तारच लावते, कारण ती वेगवान आहे.

वीज जास्त जाते, हो. दुप्पट नाही. २०२० साली एका पिक्सेल ४ फोनवर केलेल्या चाचणीत पूर्ण चार्जला तारेने सुमारे १४ वॉट-तास लागले, पॅडवर सरासरी २१. म्हणजे ४७ टक्के जास्त. ऐकायला मोठं वाटतं, पण वर्षभर रोज केलं तरी जादा वीज अडीच युनिट होते. दोन हजार वॉटचा गिझर सव्वा तासात तेवढी खातो. कोट्यवधी फोनांचा हिशेब वेगळा, पण त्या मेसेजला जगाची काळजी नव्हती, तुमच्या बिलाची होती.

कार्डांचंही अर्धं खरं. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड खोचून तसाच पॅडवर ठेवला तर चुंबकीय पट्टी बिघडू शकते. कार्ड काढून ठेवा, विषय संपला.

राहिला पेसमेकर, आणि इथे मी थट्टा करणार नाही, कारण काकांना तो बसवलाय. चुंबकाचा त्रास खरा आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पाठीत चुंबक असलेला आयफोन १२ एका रुग्णाच्या छातीजवळ धरला, तर आत बसवलेल्या डिफिब्रिलेटरचं (ठोके बिघडले की हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राचं) काम तेवढ्यापुरतं थांबलं. त्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने असे फोन आणि घड्याळं शरीरातल्या यंत्रापासून सहा इंच, म्हणजे १५ सेंटीमीटर दूर ठेवायला सांगितलं. अ‍ॅपल स्वतः १५ सेंटीमीटरहून जास्त सांगते, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० हून जास्त. एक फूटपट्टी. खोली सोडायची गरज नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा कळलं की मेसेज वाचल्यापासून काका चार रात्री बाहेर सोफ्यावर झोपतायत.

"आणि त्यांचा फोन?" मी विचारलं. फोन नवाच, पाठीत चुंबकाचं कडं असलेला.

"तो त्यांच्याजवळच असतो की. खिशात."

"कुठल्या खिशात?"

"शर्टाच्या. डावीकडच्या."